स्क्रिप्ट येईपर्यंत कॉल साठवणारी स्निपेट: गूगल, मेटा, मॅटोमो आणि सेगमेंटच्या तुकड्यांचं परीक्षण

बाहेरची एखादी सेवा पेजवर घ्यायची म्हटलं की ती सेवा पाच-दहा ओळींचा तुकडा, म्हणजेच स्निपेट, देते आणि सांगते, हेडमध्ये चिकटवा. बहुतेक जण तो न वाचताच चिकटवतात. त्या तुकड्याची कामं दोन. एक, खरी स्क्रिप्ट मागवायची. दोन, ती येईपर्यंत पेजवरच्या कोडने केलेले फंक्शन कॉल रांगेत धरून ठेवायचे आणि ती आली की क्रमाने तिच्या हाती द्यायचे. पहिलं काम सगळेच जवळपास सारखं करतात. दुसऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे परीक्षण त्याचंच आहे.

स्क्रिप्ट वेळेवर आली तर सगळीच स्निपेट छान चालतात, त्यामुळे त्यासाठी कुणालाच गुण नाहीत. ती उशिरा आली, स्निपेट दोनदा चिकटवलं गेलं, कुणी फंक्शनचा संदर्भ आधीच धरून ठेवला किंवा स्क्रिप्ट आलीच नाही, तर काय होतं, एवढंच पाहिलं आहे. ॲड-ब्लॉकर वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये शेवटची स्थिती रोजचीच असते.

आधी रांग लागतेच का ते पाहू. असिंक लावलेली, म्हणजे पेज न अडवता बाजूला उतरणारी, स्क्रिप्ट कधी चालेल याचा भरवसा नसतो. पेजच्या कोडने तिच्या आधी तिचं फंक्शन बोलावलं तर रेफरन्स एरर येतो आणि त्या स्क्रिप्ट टॅगमधलं पुढचं सगळं थांबतं. म्हणजे मोजणी करणाऱ्या एका ओळीपायी खरेदीचं बटण बंद पडू शकतं. यावर उपाय म्हणून त्याच नावाचं एक तात्पुरतं फंक्शन किंवा ॲरे आधीच तयार करून ठेवतात. त्यालाच स्टब म्हणतात.

नुसता ॲरे: मॅटोमो

ही सगळ्यात जुनी आणि साधी पद्धत. गूगल ॲनालिटिक्सने डिसेंबर 2009 मध्ये असिंक स्निपेट आणलं, ते याच घडणीचं होतं. जागतिक नावाचा एक ॲरे असतो. त्यात छोटे ॲरे ढकलायचे, प्रत्येकात पहिलं पद मेथडचं नाव आणि पुढची पदं तिचे आर्ग्युमेंट. ॲरेला पुश (शेवटी भर घालणारी मेथड) उपजतच असते, त्यामुळे स्टब वेगळा लिहावा लागत नाही. खरी स्क्रिप्ट आली की ती ॲरेतल्या आज्ञा चालवते आणि त्या नावावर स्वतःचा ऑब्जेक्ट ठेवते. त्या ऑब्जेक्टची पुश मेथड साठवत बसत नाही, लगेच अंमल करते. पेजच्या कोडला कशातलाच फरक कळत नाही.

मॅटोमो या भेटी मोजणाऱ्या सेवेने हीच घडण ठेवली आहे, आणि त्यात एक गोष्ट फार विचारपूर्वक केली आहे. त्यांच्या नेहमीच्या स्निपेटमध्ये पेज पाहिल्याची नोंद करणारी आज्ञा वर असते आणि सर्व्हरचा पत्ता व साइटचा क्रमांक देणाऱ्या आज्ञा खाली. वाचताना वाटतं, हे चालेल कसं? चालतं, कारण रांग उपसताना मॅटोमो मांडणीच्या ठराविक आज्ञा आधी वेचून चालवतो आणि मग उरलेल्या क्रमाने घेतो. वापरणाऱ्याने क्रम चुकवला तरी सेवा तो सांभाळून घेते.

पण हा सांभाळ फक्त स्क्रिप्ट येण्यापूर्वीच्या रांगेपुरता आहे. स्क्रिप्ट आल्यावर केलेला प्रत्येक पुश जागच्या जागी चालतो, तिथे पुन्हा क्रम लावला जात नाही. त्यामुळे चुकीच्या क्रमाचा कोड थंड (रिकाम्या) कॅशवर चालतो आणि स्क्रिप्ट कॅशमधून झटकन आली की बिघडतो. विकासकाच्या यंत्रावर एक दिसतं, ग्राहकाच्या यंत्रावर दुसरं. दस्तऐवजाचं शीर्षक बदलण्यासारख्या आज्ञा म्हणूनच नेहमी नोंदीच्या आधी लिहाव्यात.

या पद्धतीचा खरा दोष मात्र त्या नावामागचा ऑब्जेक्ट बदलण्यात आहे. एखाद्या मॉड्यूलने सुरुवातीलाच तो ॲरे स्वतःच्या स्थिरांकात धरून ठेवला, तर खरी स्क्रिप्ट आल्यावरही ते मॉड्यूल त्या जुन्या, आता कुणी वाचत नसलेल्या ॲरेतच ढकलत राहतं. एरर येत नाही, कन्सोल स्वच्छ असतो, आकडे तेवढे कमी पडतात. नियम सरळ आहे: ॲरे कधीही स्थानिक नावात धरू नका, प्रत्येक वेळी विंडोवरून नाव घेऊनच पुश करा.

फंक्शनला टांगलेली रांग: जुनं ॲनालिटिक्स आणि त्याचे वारस

गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सचं स्निपेट अनेकांनी पाहिलेलं आहे. त्याच्या पॅरामीटरची अक्षरं आय, एस, ओ, जी, आर, ए, एम अशी होती, म्हणून त्याला आयसोग्राम म्हणायचे. इथे ॲरेऐवजी फंक्शन आलं. ते फंक्शन मिळालेला आर्ग्युमेंट्स ऑब्जेक्ट (आलेल्या सगळ्या आर्ग्युमेंटचा, ॲरेसारखा दिसणारा संच) स्वतःच्याच क्यू या प्रॉपर्टीत ढकलतं. शेजारी एल या प्रॉपर्टीत स्निपेट कधी चाललं त्याची वेळ. ढकलगाडीसारखे ॲरेत ॲरे भरण्यापेक्षा नेहमीचा फंक्शन कॉल लिहायला कितीतरी सोपा.

युनिव्हर्सल ॲनालिटिक्सच्या साध्या खात्यांची मोजणी 1 जुलै 2023 पासून थांबली आहे, तेव्हा कुठे हे स्निपेट अजून पडून असेल तर काढून टाका. घडण मात्र जिवंत आहे. प्लॉसिबल या मोजणी सेवेचा कस्टम इव्हेंटचा स्टब असाच लिहिलेला असतो. कमीत कमी ओळींत काम करायचं असेल तर आजही हीच घडण चांगली. संदर्भ धरून ठेवण्याचा धोका मात्र इथेही आहे, कारण खरी स्क्रिप्ट त्या नावावर दुसरं फंक्शन ठेवते.

याच घराण्यातला आणखी एक सापळा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. स्टबची पहिली ओळ असते: विंडोवर हे नाव असेल तर तेच घ्या, नसेल तर नवं फंक्शन बनवा. आता ब्राउझर आयडी असलेल्या प्रत्येक एलिमेंटला विंडोवर त्याच नावाने उभं करतो. स्निपेटच्या वर त्याच आयडीचा एखादा डिव्ह असेल, तर विंडोवर ते नाव सापडतं, स्टब बनतच नाही आणि पहिल्याच कॉलला ‘हे फंक्शन नाही’ असा एरर येतो. दोन अक्षरी नावांच्या बाबतीत हे सहज घडू शकतं. स्निपेट हेडमध्ये ठेवलं तर बॉडीतले एलिमेंट तोवर जन्मलेलेच नसतात, म्हणून ते वर ठेवा असं सांगतात त्याला हेही एक कारण आहे.

जीटॅग: दिसतो साधा, सुधारायला गेलं की मोडतो

आजच्या गूगल टॅगचे दोन भाग आहेत. असिंक लावलेला साधा स्क्रिप्ट टॅग, आणि त्याखाली डेटालेअर नावाचा ॲरे बनवून त्यात ढकलणारं जीटॅग हे एका ओळीचं फंक्शन.

साधा टॅग वापरला याचं कौतुक करायला हवं. जुन्या स्निपेटमध्ये स्क्रिप्टचा पत्ता जावास्क्रिप्टच्या आत असायचा. ब्राउझरचा पुढे धावून पेज चाळणारा स्कॅनर एचटीएमएलमधले पत्ते ओळखतो, कोडच्या पोटातले नाही. शिवाय इनलाइन स्क्रिप्ट तिच्या वरच्या स्टाइलशीट उतरेपर्यंत थांबते, म्हणजे मोठ्या सीएसएसखाली चिकटवलेलं स्निपेट स्क्रिप्टची मागणीसुद्धा उशिरा करतं. साध्या टॅगला ही अडचण नाही. आणि असिंक स्क्रिप्ट कॅशमधून येऊन इनलाइन भागाच्या आधीच चालली तरी बिघडत नाही: तीही डेटालेअर नसेल तर बनवते, असेल तर तोच घेते. दोघांपैकी कुणीही आधी आलं तरी चालतं. स्निपेटची घडण अशी हवी.

आता मोडतं कुठे ते बघा. जीटॅग फंक्शन डेटालेअरमध्ये जे ढकलतं तो ॲरे नसतो, आर्ग्युमेंट्स ऑब्जेक्ट असतो. खरी स्क्रिप्ट हा फरक पाहते. आर्ग्युमेंट्स ऑब्जेक्ट दिसला तर ती त्याला जीटॅगची आज्ञा मानते. साधा ॲरे दिसला तर त्याचा अर्थ वेगळा लावते आणि आज्ञा चालत नाही. आता ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनात रेस्ट पॅरामीटर वापरा असा नियम असतो. कुणीतरी त्या सल्ल्याप्रमाणे फंक्शन ‘सुधारतं’, तीन टिंबं लावून आर्ग्युमेंट ॲरेत घेतं आणि तो ढकलतं. किंवा ॲरो फंक्शन करतं, ज्याला स्वतःचा आर्ग्युमेंट्स नसतोच, म्हणून तिथेही तीन टिंबंच लावावी लागतात. परिणाम असा की नेटवर्क टॅबमध्ये स्क्रिप्ट 200 दाखवते, कन्सोलमध्ये एक शब्द नाही, डेटालेअर उघडून पाहिला तर सगळ्या नोंदी जागेवर, आणि कलेक्ट या पत्त्यावर जाणारी एकही विनंती नाही. ओळखायची खूण एकच: कन्सोलमध्ये डेटालेअर छापा आणि प्रत्येक नोंदीसमोर ‘आर्ग्युमेंट्स’ लिहून येतं की नुसता चौकटी कंस, ते पाहा. त्या एका ओळीपुरता लिंटचा नियम बंद ठेवा आणि का ते टिप्पणीत लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा सुधारेल.

दुसरा घोटाळा बंडलरमुळे, म्हणजे अनेक फाइल एकत्र बांधणाऱ्या साधनामुळे, होतो. हेच स्निपेट मॉड्यूलच्या फाइलमध्ये टाकलं तर जीटॅग हे फंक्शन त्या मॉड्यूलपुरतंच राहतं. एचटीएमएलमधल्या क्लिक हँडलरला किंवा दुसऱ्या स्क्रिप्टला ते सापडत नाही. मॉड्यूलमध्येच लिहायचं असेल तर विंडोवर स्पष्ट नेमणूक करा.

तिसरी गोष्ट क्रमाची. संमतीची मूळ स्थिती सांगणारी आज्ञा कॉन्फिग आज्ञेच्या आधीच रांगेत गेली पाहिजे. संमतीचा फलक वेगळ्या स्क्रिप्टमधून येत असेल तर त्या आज्ञेत ‘अपडेटसाठी थांबा’ हा मिलिसेकंदांतला आकडा देता येतो. गूगलच्या उदाहरणात तो 500 असतो. इथे मॅटोमोसारखी क्रम सांभाळून घेण्याची अपेक्षा ठेवू नका.

आणि डेटालेअरला मधेच नवा ॲरे नेमू नका. टॅग मॅनेजर त्या ॲरेच्या पुशवर स्वतःची पुश बसवतो. खाली कुणी ‘डेटालेअर बरोबर नवा ॲरे’ असं लिहिलं की तो बसवलेला पुश जातो आणि पुढचं सगळं कुणी न वाचणाऱ्या ॲरेत पडतं.

मेटा पिक्सेल: या सगळ्यांत स्टबची सर्वोत्तम घडण

मेटा पिक्सेलचं स्निपेट बघायला किचकट आहे, पण त्यातली एक ओळ सगळ्यांनी शिकावी अशी आहे. एफबीक्यू हे फंक्शन बोलावलं की ते विचारतं, माझ्यावर कॉलमेथड ही मेथड बसली आहे का? बसली असेल तर कॉल तिला देतं. नसेल तर स्वतःच्या रांगेत टाकतं. खरी स्क्रिप्ट आल्यावर फंक्शन बदलत नाही, त्याच फंक्शनवर कॉलमेथड बसवते.

यामुळे काय साधतं पाहा. कुणी एफबीक्यूचा संदर्भ पेज सुरू होतानाच धरून ठेवला, एखाद्या फ्रेमवर्कने तो कुठे तरी पुढे पाठवला, तरी तो शेवटपर्यंत जिवंत राहतो. वर सांगितलेला सगळ्यात छुपा दोष मुळातच उद्भवत नाही. स्वतःचा स्टब लिहिणार असाल तर हीच घडण उचला. सेगमेंट या नोंदी गोळा करणाऱ्या सेवेनेही आपल्या स्निपेटच्या नव्या आवृत्त्यांमध्ये असंच केलं आहे: खरी लायब्ररी सुरू झालेली असेल तर जुना स्टब कॉल तिच्याकडे वळवतो.

उणिवा दोन. स्टबमध्ये लोडेड ही प्रॉपर्टी सुरुवातीलाच खरी करून ठेवलेली असते, स्क्रिप्ट आलेली नसतानाही. नावावर विश्वास ठेवून त्यावर अट लावली तर ती नेहमीच पार होते. स्क्रिप्ट खरोखर आली का हे पाहायचं तर कॉलमेथड आहे का ते तपासा. दुसरी उणीव दुहेरी चिकटवण्याची. सुरुवातीला ‘एफबीक्यू आधीच असेल तर परत जा’ अशी राखण आहे, त्यामुळे स्क्रिप्ट दोनदा मागवली जात नाही. पण सुरुवात करणारी आणि पेज पाहिल्याची नोंद करणारी ओळ त्या राखणीच्या बाहेर असते. स्निपेट थीममध्ये एकदा आणि प्लगिनमधून एकदा आलं तर नोंद दोनदा होते.

सेगमेंट: नावांची यादी

इथे एकच फंक्शन नसून मेथड असलेला ऑब्जेक्ट आहे. स्निपेटमध्ये मेथडच्या नावांची यादी असते आणि एक छोटा कारखाना प्रत्येक नावासाठी स्टब मेथड बनवतो. ती आर्ग्युमेंटच्या पुढे स्वतःचं नाव जोडून सगळं रांगेत टाकते आणि तोच ऑब्जेक्ट परत देते, म्हणून साखळी लिहिता येते. वापरायला सगळ्यात सुखद. स्निपेट दोनदा आलं तर कन्सोलमध्ये स्पष्ट एरर छापतं, आणि याचं खरंच मोल आहे. बाकीचे बहुतेक गप्प राहतात.

किंमत अशी की यादीत नसलेली मेथड स्क्रिप्ट येण्यापूर्वी बोलावली तर टाइप एरर येतो, आणि आल्यावर तीच मेथड व्यवस्थित चालते. जुनं स्निपेट तसंच ठेवून लायब्ररीची नवी मेथड वापरायला घेतली की नेमकं हे होतं. तसंच, मेथडकडून परत मिळतो तो स्टबच असतो, उत्तर नव्हे. वापरकर्त्याचा निनावी आयडी वाचायचा असेल तर तो रेडी या मेथडला दिलेल्या कॉलबॅकच्या आतच वाचा.

उत्तर हवं असेल तेव्हा

इथवरची सगळी स्निपेट ‘सांगून मोकळं व्हायचं’ अशा कामांसाठी आहेत. नोंद झाली की झाली, उत्तर कुणी विचारत नाही. जिथे उत्तर लागतं तिथे ही घडण कामाची नाही. एखादी सुविधा चालू आहे का असं विचारणारं फंक्शन स्टबच्या मागे ठेवलं तर स्टब अनडिफाइन्ड परत देतो, अट त्याला ‘नाही’ समजते आणि सुविधा गुपचूप बंद राहते.

जाहिराती दाखवणाऱ्या गूगल पब्लिशर टॅगने यासाठी आज्ञांऐवजी फंक्शनांची रांग ठेवली. गूगलटॅग या ऑब्जेक्टवर सीएमडी नावाचा ॲरे, त्यात अख्खं फंक्शन ढकलायचं. स्क्रिप्ट आल्यावर ते चालतं, आणि तेव्हा खरी मेथड, खरं उत्तर, सगळं हाताशी असतं. स्क्रिप्ट आधीच आलेली असेल तर ढकललेलं फंक्शन तत्काळ चालतं. स्टबच्या यादीची भानगडच नाही. चूक होते ती एकाच जागी: सीएमडीच्या बाहेर थेट पबॲड्स बोलावणं. त्या क्षणी ऑब्जेक्टवर सीएमडीशिवाय काहीच नसतं.

यूट्यूबच्या आयफ्रेम एपीआयची पद्धत मला या परीक्षणात सगळ्यात कमी आवडली. तिथे रांग नाहीच, ठरलेल्या नावाचं एक जागतिक फंक्शन तुम्ही लिहायचं आणि एपीआय तयार झाला की तो ते बोलावतो. पेजवर दोन घटकांनी ते नाव घेतलं तर नंतरचा आधीच्याला पुसतो आणि पहिला व्हिडिओ कधीच उभा राहत नाही. दोन घटक असतील तर स्वतःची छोटी रांग ठेवा आणि त्या एकाच फंक्शनमधून ती उपसा.

गूगल मॅप्सचा नवा इनलाइन लोडर मात्र पूर्ण गुणांचा. इम्पोर्टलायब्ररी हे स्टब फंक्शन प्रॉमिस (उत्तर नंतर देण्याचं वचन) परत देतं. पहिल्या कॉललाच स्क्रिप्ट मागवली जाते, त्याआधी नाही. नकाशा न उघडणाऱ्याला तिचा भार पडत नाही. आणि स्क्रिप्ट आली नाही तर प्रॉमिस एरर देऊन नाकारलं जातं, शिवाय आत धरून ठेवलेलं प्रॉमिस पुसलं जातं, त्यामुळे पुढचा कॉल नव्याने प्रयत्न करतो. ऑनएररच्या एका ओळीत दोन्ही कामं उरकली आहेत. स्ट्राइपच्या लोडस्ट्राइप पॅकेजनेही प्रॉमिसचीच वाट धरली आहे. फक्त ते पॅकेज आयात करताच स्क्रिप्ट पेजवर येते. तसं नको असेल तर त्याचा ‘प्युअर’ हा वेगळा प्रवेशमार्ग वापरावा.

स्क्रिप्ट आलीच नाही तर

नोंदी घेणाऱ्या स्निपेटची ही सामाईक दुखरी नस. आयसोग्राम, जीटॅग, एफबीक्यू, कुणाच्याच स्निपेटमध्ये ऑनएरर नाही. स्क्रिप्ट अडवली गेली तर रांग टॅब बंद होईपर्यंत वाढत राहते. चार क्लिकच्या पेजवर त्याने बिघडत नाही. दिवसभर उघड्या राहणाऱ्या एकपानी ॲपमध्ये, जिथे प्रत्येक स्क्रोलची नोंद होते, तिथे रांगेतले ऑब्जेक्ट मेमरी सोडत नाहीत. रांगेत डॉम एलिमेंट असतील तर पेजवरून काढलेले एलिमेंटही त्यांच्यामुळे जिवंत राहतात.

त्याहून वाईट, कॉलबॅकवर अवलंबून असलेलं काम. ‘नोंद झाली की मग पुढच्या पानावर ने’ असं लिहिलं आणि स्क्रिप्ट आली नाही, तर लिंक मेली. वापरकर्ता दाबत राहतो, काही होत नाही. अशा प्रत्येक कॉलबॅकला 1000 मिलिसेकंदांचा टायमर जोडा आणि दोघांपैकी जे आधी येईल त्यावर पुढे जा, दुसऱ्याला एकदाच चालण्याची राखण लावून गप्प करा. यूब्लॉक ओरिजिनसारखे ब्लॉकर जुन्या ॲनालिटिक्सच्या जागी पोकळ पर्यायी स्क्रिप्ट देतात आणि ती हे कॉलबॅक चालवते, कारण असे अडकलेले दुवे फार होते.

ऑनएररही पुरेसा नाही. तो नेटवर्कचं अपयश आणि इंटिग्रिटीचा हॅश (फाइल बदललेली नाही हे पडताळणारी खूण) न जुळणं पकडतो. स्क्रिप्ट उतरून चालताना आतच फेकलेला एरर त्याला दिसत नाही, तिथे ऑनलोडच येतो. सर्व्हरने जोडणी धरून ठेवली आणि उत्तरच दिलं नाही, तर बराच वेळ दोन्ही येत नाहीत. आणि पोकळ पर्यायी स्क्रिप्ट आली तर ऑनलोड आनंदाने येतो. म्हणून तीन गोष्टी लागतात: ऑनएरर, दहा सेकंदांच्या आसपासचा टायमर, आणि ऑनलोडमध्ये खरी मेथड जागेवर आहे का याची तपासणी. एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या टॅगला ऑनएरर जोडायला सीएसपी (पेजवर कुठल्या स्क्रिप्ट चालाव्यात ते ठरवणारं धोरण) आडवा येत असेल, तर विंडोवर एरर इव्हेंटचा श्रोता कॅप्चर टप्प्यात बसवा. स्क्रिप्ट न उतरल्याचा इव्हेंट वर चढत नाही, पण कॅप्चरमध्ये सापडतो. टार्गेट तोच टॅग आहे का एवढं पाहा. हा श्रोता अर्थातच त्या टॅगच्या वर असायला हवा.

सीएसपी कडक असेल तर स्निपेटच्या इनलाइन भागाला नॉन्स (एकदाच वापरायचा परवानगीचा शब्द) द्या. धोरणात स्ट्रिक्ट-डायनॅमिक असेल तर नॉन्स असलेल्या स्निपेटने आत घेतलेली स्क्रिप्टही चालते.

स्वतःचा स्टब लिहायचा असेल तर

घडण मेटाची, अपयश हाताळणी मॅप्सची, असं एकत्र करा. एक फंक्शन, त्यावर खरी अंमलबजावणी बसण्यासाठी एक प्रॉपर्टी, एक रांग आणि तीन स्थिती: वाट पाहतोय, तयार, सोडून दिलं.

रांगेत प्रत्येक नोंदीसोबत मेथडचं नाव, आर्ग्युमेंट आणि डेट-नाऊची वेळ ठेवा. वेळ नसली तर पहिल्या सेकंदाला झालेला क्लिक आणि सातव्या सेकंदाला झालेला क्लिक, दोन्ही आठव्या सेकंदाला झाल्यासारखे सर्व्हरवर पोचतात. रांगेला कमाल मर्यादा घाला. नोंदींसाठी दोनशे पुष्कळ झाल्या. मर्यादा ओलांडली तर नव्या सोडा, जुन्या ठेवा, कारण सुरुवातीची मांडणी त्या जुन्यांतच असते. किती सोडल्या तो आकडा शेवटी पाठवा.

आर्ग्युमेंटमध्ये ऑब्जेक्ट असेल तर रांगेत त्याचा संदर्भ जातो, प्रत नाही. खरेदीची टोपली दर्शवणारा ऑब्जेक्ट रांगेत गेला आणि स्क्रिप्ट येण्याआधी टोपली रिकामी झाली, तर नोंद रिकाम्या टोपलीची होते. स्ट्रक्चर्डक्लोनने प्रत घ्या. त्यात फंक्शन किंवा डॉम एलिमेंट असेल तर तो डेटाक्लोन एरर फेकतो, म्हणून कॉलबॅक वेगळे काढूनच प्रत घ्यावी लागते.

उपसण्याच्या भागात सगळ्यात जास्त चुका होतात. ‘तयार’ ही खूण आधी लावून मग रांग उपसायला घेतली, आणि उपसताना चाललेल्या कॉलबॅकने नवा कॉल केला, तर तो नवा कॉल थेट चालतो आणि रांगेत मागे उभे असलेले जुने त्याच्यानंतर. वापरकर्त्याची ओळख सांगणारा कॉल मागे आणि खरेदीची नोंद पुढे, असं उलटंपालटं होतं. म्हणून रांग पूर्ण रिकामी होईपर्यंत स्थिती ‘वाट पाहतोय’ अशीच ठेवा. लांबी शून्य होईपर्यंत पुढून एकेक काढत चालवा. मधे आलेले नवे कॉल आपोआप शेपटाला लागतील आणि त्यांचाही नंबर येईल. फॉर-ईच वापरला तर तो सुरुवातीची लांबी धरून चालतो, मधे आलेले मागे राहतात.

प्रत्येक कॉल वेगळ्या ट्राय-कॅचमध्ये हवा. एकाने एरर फेकला म्हणून मागचे वीस बुडू नयेत. पकडलेला एरर गिळू नका. रिपोर्टएरर या जागतिक फंक्शनला द्या, म्हणजे तो न पकडलेल्या एररसारखा कन्सोलमध्ये आणि नोंद घेणाऱ्या सेवांकडे जातो. रांग मोठी असेल तर एका दमात उपसू नका. 50 मिलिसेकंदांच्या वर गेलेलं काम ब्राउझर लांब काम म्हणून मोजतो आणि तेवढ्या वेळात दाबलेलं बटण थांबून राहतं. दहा-बारा मिलिसेकंद झाले की सेटटाइमआउटने उरलेलं पुढे ढकला. स्थिती अजून ‘वाट पाहतोय’ असल्याने मधल्या फटीत आलेले कॉलही रांगेतच जातात, वेगळी तजवीज लागत नाही.

मेथडची यादी टाळायला प्रॉक्सी वापरायचा मोह होतो: कुठलंही नाव मागा, स्टब मेथड मिळेल. यात एक जीवघेणी खोच आहे. असा प्रॉक्सी कुणी असिंक फंक्शनमधून परत दिला किंवा त्याच्यावर अवेट केलं, की जावास्क्रिप्ट त्याच्याकडे देन नावाची मेथड मागतं. प्रॉक्सी इमानदारीने स्टब देतो, देनचा कॉल रांगेत पडतो आणि ते अवेट खरी स्क्रिप्ट येईपर्यंत, किंवा कायमचं, अडकतं. देन या नावाला आणि सगळ्या सिंबल नावांना अनडिफाइन्ड द्या. माझ्या मते तरी यादी बरी. स्टबमध्ये काय आहे ते डोळ्यांना दिसतं.

वापरकर्ता स्क्रिप्ट येण्याआधीच निघून गेला तर रांग त्याच्याबरोबर जाते. नोंदी घेणारा सर्व्हर तुमचाच असेल तर व्हिजिबिलिटीचेंज इव्हेंटला दस्तऐवज लपला की सेंडबीकनने उरलेली रांग थेट पाठवा. त्याला साधारण 64 किलोबाइटांची मर्यादा आहे आणि जागा नसेल तर तो फॉल्स परत देतो, ते तपासा. सेवा बाहेरची असेल तर हे तुमच्या हातात नाही.

स्निपेट घेतलेलं असो की स्वतः लिहिलेलं, तपासणी तीच. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्कच्या विनंत्या अडवण्याचा फलक आहे. तिथे स्क्रिप्टचा पत्ता घाला आणि पेज पूर्ण वापरून पाहा, विशेषतः फॉर्म पाठवणं आणि बाहेरचे दुवे. मग ब्लॉक काढून वेग सर्वात मंद करा, स्क्रिप्ट यायच्या आत पाच-सहा क्लिक करा आणि नोंदींचा क्रम व वेळ जुळते का ते पाहा. मग कॅश चालू ठेवून रिफ्रेश करा, म्हणजे स्क्रिप्ट लवकर येते. शेवटी स्निपेट मुद्दाम दोनदा चिकटवा आणि नोंदी मोजा.